काळा, साधा, काटा

फायली कॉपी करायला समिती लागते हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत होती की फायली आणि रिकामी जागा एवढं असलं की भागतं.

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात एक जुनं मशीन होतं, कपाटाएवढं. त्याच्या पोटात चौदा वर्षांचे स्कॅन. एका माणसाची छाती एकदा स्कॅन केली की तिचे अडीच-तीनशे काप पडतात, पावाच्या स्लाइससारखे, आणि प्रत्येक काप ही एक वेगळी फाइल. अशा एकसष्ट लाख फायली. त्या बारा डिस्कवर पसरलेल्या, आणि बारातल्या दोन डिस्क मेलेल्या. मशीनची रचना अशी की दोन गेल्या तरी उरलेल्या त्यांचं काम उचलतात. बारा माणसांच्या घरात दोघं अंथरुणाला खिळावेत तसं. तिसरा पडला की घर बसलं.

तीस तारखेला हे मशीन हलवायचं होतं. त्या खोलीत नव्या स्कॅनरचं थंडाव्याचं यंत्र बसणार होतं. जुन्या डिस्क भंगारात द्यायच्या नाहीत, रुग्णांची माहिती बाहेर जाते, म्हणून प्रत्येक डिस्कला ड्रिलने भोकं पाडायची असा नियम. भोकं पाडणारा माणूस ठरला होता, त्याची तारीख ठरली होती. फायली कशाने कॉपी करायच्या ते तेवढं ठरलं नव्हतं.

माझं काम या खोलीतलं. एकोणिसाव्या वर्षी मी इथे अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मा धुवायला लागले. फिल्मा बंद झाल्या, मशीनं आली, आणि ती चालवायला कोणी नव्हतं म्हणून मी त्यांच्या पुस्तिका वाचल्या. माझ्याकडे पदवी नाही. हे मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी सांगतं, मी विसरले असेन म्हणून.

आता माझ्या ताईचं. ताई शाळांचे गणवेश शिवते. तीन महिने खोकला गेला नाही म्हणून तिचा स्कॅन केला, तर उजव्या फुफ्फुसात एक ठिपका. नऊ मिलिमीटर. फुफ्फुसांचे डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "हा नवा असेल तर छाती उघडून काढून टाकू. दोन तारीख धरून ठेवतो. जुना असेल, वर्षानुवर्षं एवढाच असेल, तर तो डाग आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. जुना एखादा स्कॅन आहे का तुमचा?"

होता. अकरा वर्षांपूर्वी ताई माळ्यावरून ट्रंक काढताना शिडीवरून पडली आणि तिच्या तीन बरगड्या मोडल्या. तेव्हा याच हॉस्पिटलात तिची अख्खी छाती स्कॅन केली होती. म्हणजे उत्तर तळघरात होतं. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर.

पण काढता येत नव्हतं. कुठला स्कॅन कुणाचा याची यादी एका वेगळ्या छोट्या मशीनवर होती, ते दोन वर्षांपूर्वी जळालं. तेव्हापासून जुना स्कॅन फक्त नंबरावरून निघायचा आणि नंबर असायचा रुग्णाच्या कार्डावर. ताईचं कार्ड भावोजींनी इतकं जपून ठेवलं होतं की ते घरात कुणालाच सापडत नव्हतं.

"मी ठेवलंय," भावोजी म्हणत होते. "ठेवलंय हे मला नक्की आठवतंय."

"तेवढंच आठवतंय," ताई म्हणाली.

नंबर नसेल तर प्रत्येक फाइल उघडून आतलं नाव वाचायचं. एकसष्ट लाख फायली. आजारी डिस्कना एवढं वाचून देणं एकदाच झेपेल, दुसऱ्यांदा नाही. म्हणून ते एकदाचं वाचणं कॉपीचंच असायला हवं होतं. सगळं नव्या मशीनवर न्यायचं, मग नवं मशीन आपलं आपण नावं वाचून नोंदी करतं. दुसरा रस्ता नव्हता. आणि खोलीच्या दारावर अधीक्षकांच्या सहीचा कागद होता: समितीच्या परवानगीशिवाय जुन्या मशीनला कोणीही हात लावू नये.

समितीत तिघं. अधीक्षक साहेब, खरेदी अधिकारी आणि भांडारपाल. मी निमंत्रित. निमंत्रित म्हणजे खुर्ची आहे, मत नाही.

तीन प्रोग्रॅम आले होते. एक मी सुचवलेला: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, फुकट, दिसायला भिकारडा. पण मध्येच बंद पडला तर सोडलं तिथून उचलतो, कॉपी केलेली प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून बघतो, आणि जी जमली नाही तिचं नाव लिहून ठेवतो. त्याला समितीने नाव दिलं काळा. दुसरा साधा, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतो तोच, फोल्डर उचला आणि तिकडे टाका. तिसरा विकत घ्यायचा. त्याच्या पडद्यावर गाडीच्या वेगाचा असतो तसा गोल काटा होता, लालमधून पिवळ्यात आणि पिवळ्यातून हिरव्यात जाणारा. तो काटा. कंपनीचा माणूस तो काटा दाखवत असताना अधीक्षकांचा चहा गार झाला.

सहा तारखेला परीक्षा. चाळीस हजार फायलींचं एक फोल्डर घेतलं. ते जुन्या मशीनवरून नव्यावर न्यायचं, तिन्ही प्रोग्रॅमनी पाळीपाळीने, आणि घड्याळ लावायचं.

"फुकटातला आधी उरकून घ्या," खरेदी अधिकारी म्हणाले.

काळ्याला तीन तास दहा मिनिटं लागली. त्यात आश्चर्य काही नाही. धान्याचं पोतं उचलून नेणं वेगळं आणि तेच धान्य दाणा दाणा उचलून, प्रत्येक दाणा तपासून नेणं वेगळं. समिती तेवढा वेळ बसली नाही. भांडारपाल बसले, पेपर वाचत.

मग साधा. त्याने सुरू होताच विचारलं, या नावाच्या फायली इथे आधीच आहेत, त्या सोडून देऊ का? भांडारपालांनी "सगळ्यांना हो" दाबलं आणि पेपर उलटला. बावीस मिनिटं.

मग काटा. त्याने काही विचारलंच नाही. चार मिनिटांत हिरव्यात जाऊन उभा राहिला.

मी म्हणाले, "थांबा. फायली काळ्याने आधीच नेल्यात. हे दोघं तिथे गेले, भरलेलं घर बघितलं आणि परत आले. नवी जागा पुसून टाका आणि उलट्या क्रमाने पुन्हा घ्या."

"म्हणजे काम आधीच झालंय हे त्याला कळलं," भांडारपाल म्हणाले. "हुशार आहे की मग."

"काम झालंय हे काळ्यामुळे झालंय."

"तो तीन तास काय करत होता ते आम्ही बघितलंय, मॅडम. अक्षरं सोडत होता."

आठ तारखेला सकाळी बैठक झाली. खरेदी अधिकाऱ्यांनी तक्ता आणला होता. तीन रकाने, काटा सत्तेचाळीस पट वेगवान. खाली हिशोब: चाळीस हजार फायलींना चार मिनिटं, तर एकसष्ट लाखांना सहाशे दहा मिनिटं. म्हणजे दहा तास दहा मिनिटं. म्हणजे एक दिवस. म्हणून कॉपी एकोणतीस तारखेला सकाळी आठला सुरू करायची, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संपेल, तीसला भोकं.

मी माझा हिशोब सांगितला. खरा वेग काळ्याचा आहे, कारण खरं काम एकट्या त्याने केलंय. त्या वेगाने एकसष्ट लाखांना वीस दिवस लागतात. आज दुपारी सुरू केलं तर अठ्ठावीसला संपेल. एकोणतीसला सुरू केलं तर ज्या दिवशी भोकं पडतील त्या दिवशी चौदा वर्षांतलं एक वर्षही पोहोचलेलं नसेल.

"बाई," अधीक्षक म्हणाले, "परीक्षा एकदाच होते. एकाला नापास झाला म्हणून पुन्हा बसवलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो."

"माझ्या बहिणीचा स्कॅन आहे त्यात. दोन तारखेला तिची छाती उघडणार आहेत, आणि उघडायची की नाही ते त्यावरून ठरणार आहे."

मग खरेदी अधिकारी म्हणाले, "म्हणजे तुमचा यात वैयक्तिक संबंध आहे. ते इतिवृत्तात घ्यायला पाहिजे."

आणि त्यांनी घेतलं. निमंत्रित सदस्यांचा वैयक्तिक हितसंबंध असल्याने त्यांच्या मताचा विचार केला नाही. मत मला नव्हतंच, तरी त्याचा विचार न करण्याची त्यांनी काळजी घेतली. एवढं काळजीपूर्वक काम त्या समितीने दुसरं काही केलं नाही.

मी खाली गेले. दारावरचा कागद वाचला, दार उघडलं आणि बारा वाजता काळा सुरू केला.

चोरून नाही. आमच्या खोलीची एक नोंदवही आहे. रोज काय झालं ते लिहायचं आणि सकाळी ती अधीक्षकांच्या टेबलावर सहीला पाठवायची. त्यात मी लिहिलं: "आज दुपारी बारा वाजता काळ्या प्रोग्रॅमने जुन्या मशीनची संपूर्ण कॉपी सुरू केली. परवानगी: नाही." दुसऱ्या दिवशी वही परत आली. खाली सही. हिरवी शाई, शेपटी डावीकडे वळलेली.

मी पुन्हा लिहिलं. "कॉपी सुरू आहे. तीन लाख आठ हजार फायली झाल्या. परवानगी: नाही." सही.

घरी ताईला सांगितलं. ती दाताखाली टाचण्या धरून खाकी चड्डीला पट्टी लावत होती. घरात बाकी सगळं होतं तसंच चाललं होतं. शाळा उघडायच्या आधी तिला दोनशे नग द्यायचे होते. ऑपरेशनमुळे त्यातले ऐंशी राहतील म्हणून ती डॉक्टरांपेक्षा शाळेला जास्त घाबरून होती.

"नोकरी जाईल तुझी," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? मग माझ्या उरावर येऊन बसशील. काजं करता येतात का तुला?"

"नाही."

"मग नोकरी टिकव. मला एक वेळ छाती उघडलेली परवडेल."

भावोजी कपाटावरचे खोके काढून कार्ड शोधत होते. त्यांना विजेची बारा वर्षांची बिलं सापडली होती. सगळी तारीखवार लावलेली. ते मला म्हणाले, "अगं, तो ठिपका तिने विचारला तर लहान सांग हं."

"तिला माहीत आहे नऊ मिलिमीटर आहे."

"नऊ म्हणजे केवढा?"

ताईने गणवेशाचं एक बटण उचलून त्यांना दाखवलं. "एवढा. शर्टाचा. चड्डीचा नाही." आणि ते बटण शर्टाला लावून टाकलं.

भावोजींनी पुन्हा खोक्यात तोंड घातलं.

वीस दिवस मी त्या खोलीत बसून पांढरी अक्षरं बघितली. थंडावा जास्तीत जास्त ठेवला, डिस्क तापू नयेत म्हणून. मी दोन स्वेटर घालून बसायचे. दर तासाला हात मशीनच्या पाठीला लावून कापरं किती आहे ते बघायचे. चौथ्या डिस्कचा आवाज मला आवडत नव्हता. अकराव्या दिवशी कंपनीचा माणूस काट्याच्या नावाची पाटी भिंतीवर बसवायला आला, पडद्यावर हलणारी अक्षरं बघून म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हणाले, "कॉपी." तो म्हणाला, "अच्छा," आणि पाटी बसवून गेला. काटा विकण्याशी त्याचं काम होतं. कॉपीशी नव्हतं.

रविवार सोडून अठरा वेळा मी "परवानगी: नाही" लिहिलं आणि अठरा वेळा त्याखाली सही आली.

अठ्ठावीस तारखेला दुपारी साडेचारला काळा थांबला. एकसष्ट लाखांपैकी दोन हजार एकशे तेरा फायली वाचता आल्या नाहीत, आणि त्या कुठल्या ते नंबरांसकट त्याने लिहून दिलं. बाकी सगळ्या ताडून बघितलेल्या. नवं मशीन नावं वाचायला लागलं. सकाळपर्यंत यादी तयार झाली. मी ताईचं नाव टाकलं. जन्मतारीख टाकली. स्कॅन आला.

दोनशे शहाऐंशी काप असायला हवे होते. दोनशे चाळीस होते. गेलेले सेहेचाळीस काप सलग होते, छातीच्या मधोमध, ठिपका ज्या उंचीवर आहे नेमके तिथले. मान शाबूत होती, पोटाचा वरचा भाग शाबूत होता, मोडलेल्या बरगड्यांतली एक दिसत होती.

ते काप चौथ्या डिस्कच्या एका खराब जागेत अडकले होते. अशी जागा पुन्हा पुन्हा वाचून बघता येते. डिस्कला विश्रांती द्यायची, गार होऊ द्यायची, पुन्हा विचारायचं. वीसदा नाही म्हणते आणि एकविसाव्यांदा देते. फक्त वेळ हवा. पण ती एकोणतीस तारीख होती, आठ वाजले होते, आणि समिती कंपनीच्या माणसाला घेऊन काटा सुरू करायला खाली आली होती.

मी अधीक्षकांना सांगितलं. कॉपी झालेली आहे, मी केली आहे. दोन हजार एकशे तेरा फायली राहिल्यात, आज दिवसभर मला त्यांच्यासाठी मशीन द्या.

"तुम्ही केली? कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही. तसं लिहिलंय मी. तुमची सही आहे."

वही मागवली. अधीक्षकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग नुसती पानं उलटत गेले. अठरा सह्या एकापाठोपाठ एक बघताना त्यांचा चेहरा, आपल्याच घरात दुसऱ्याचे कपडे सापडावेत तसा झाला. शेवटी वही मिटून म्हणाले, "हे नंतर बघू. आज कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल."

काटा सुरू झाला. तो नव्या मशीनवर गेला, तिथे सगळं भरलेलं घर बघितलं, आणि एकेका फाइलला नमस्कार करत पुढे सरकत राहिला. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिरव्यात जाऊन उभा राहिला.

सहा वाजून दहा. खरेदी अधिकाऱ्यांनी घड्याळ दोनदा बघितलं. त्यांच्या आयुष्यात त्यांचा कुठला हिशोब मिनिटाला मिनिट जुळला असेल असं मला वाटत नाही. भांडारपाल माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मॅडम, वीस दिवस ना?"

"न आलेल्या दोन हजार एकशे तेरा फायलींचं काय?" मी विचारलं.

कंपनीच्या माणसाने पडद्याकडे बोट दाखवलं. "शंभर टक्के आहे."

"त्याने न वाचता आलेल्या सोडून दिल्या आणि उरलेल्यांचे शंभर टक्के केले."

"शंभर म्हणजे शंभरच ना, बाई," अधीक्षक म्हणाले, आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. ही मात्र वाचून केली. त्याच टेबलावर त्यांनी कंपनीला आभाराचं पत्र दिलं आणि मला कारणे दाखवा नोटीस. दोन्हींचा जावक क्रमांक पाठोपाठचा आहे.

तीस तारखेला सकाळी अकराला भोकं पाडणारा आला. पन्नाशीचा माणूस, खांद्याला ड्रिलची पेटी, कानाला लावायचे गोळे गळ्यात. मी आठपासून चौथ्या डिस्कच्या मागे लागलेली. सेहेचाळिसांतले पाच आले होते, पाचही कडेचे.

"या बारा का?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. ताई, ठिपका, दोन तारीख, सेहेचाळीस काप, हिरवा काटा. तो ऐकत होता आणि पेटीतून ड्रिलचं एकेक टोक काढून रुमालावर ठेवत होता. माझं संपल्यावर त्याने खिशातून कागद काढून वाचला.

"माझ्या कागदावर तारीख आहे," तो म्हणाला. "वेळ नाही. सातला माझी गाडी सुटते."

"सहापर्यंत थांबाल?"

"मला काय, बारा डिस्कला वीस मिनिटं. कुठे बसू?"

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला, रुमालावरच्या टोकांना तेल लावायला लागला. दर थोड्या वेळाने विचारायचा, "दिलं का काही तिने?" मी म्हणायचे एक, किंवा नाही.

बारा वाजता भांडारपाल डोकावले. "अजून भोकं नाहीत?"

"टोकं गरम व्हायची आहेत," भोकं पाडणारा म्हणाला. मान वर न करता. भांडारपालांना ड्रिलमधलं काही कळत नव्हतं, आणि ते त्यांना कबूल करायचं नव्हतं. ते गेले.

पावणेदोनला सेहेचाळिसांपैकी एकोणीस काप आले होते आणि त्यातले तीन ठिपक्याच्या उंचीचे. मी डॉक्टरांना फोन केला. ते वर त्यांच्या खोलीत, समोर ताई आणि भावोजी. मी जिने चढून गेले तेव्हा त्यांनी दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते. डावीकडे अकरा वर्षांपूर्वीची ताई, उजवीकडे आत्ताची. डॉक्टर एकेक काप सरकवत होते. काप थांबला. त्यांनी डावीकडच्या पडद्यावर मापाची रेघ ओढली.

"होता," ते म्हणाले. "नऊ. तेव्हाही नऊच." रेघ पुसून पुन्हा ओढली. "दोन तारीख रद्द करतो. घरी जा. वर्षाने एकदा दाखवा."

भावोजींनी वर्षानंतरची तारीख एका कागदावर लिहून घेतली. कागद जपून खिशात ठेवला.

ताई पडद्याकडे बघत राहिली. "अकरा वर्षं होता?"

"हो."

"आणि मी इथे त्याच फोटोसाठी चार दिवस पडून होते. तेव्हा कोणी बोललं नाही मला."

"तेव्हा बरगड्या बघायच्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "जे विचारलं जातं ते बघतात."

"छाती सगळी काढली, आणि बघितल्या बरगड्या."

"हो."

ताईने पदर खोचला. "यांना कॉपी करून काय मिळवायचंय? आहे ते तरी बघा म्हणावं." मग माझ्याकडे वळून, "चल घरी. भात टाकते. तोंड बघ तुझं, पिठात बुडवल्यासारखं."

मी हो म्हणणार होते. नोटिशीला उत्तर लिहायचं होतं, वीस दिवस पाठ टेकून झोपले नव्हते. पण तीन वाजायचे होते. सहाला तीन तास होते आणि खाली यादीत दोन हजार नंबर होते. मी सकाळपासून त्यातले एकाच बाईचे सेहेचाळीस पुढे घेतले होते, कारण ती माझी बहीण. बाकीच्यांच्या बहिणी या खोलीत कामाला नव्हत्या.

"तू जा," मी म्हणाले. "मी सातला येते."

"काय राहिलंय आता?"

"बाकीच्यांचं."

ताईने मला आपादमस्तक बघितलं. भावोजींना म्हणाली, "तुम्ही जा पुढे, कुकर लावा, तीन शिट्ट्या," आणि माझ्यामागून जिने उतरली. तळघरात तिने एक स्वेटर मागून घेतला आणि भोकं पाडणाऱ्याच्या शेजारी खोक्यावर बसली.

"तुमचाच का तो ठिपका?" त्याने विचारलं.

"हो."

"निघाला?"

"जुना निघाला."

"मग आता कुणासाठी चाललंय?"

"ते तिलाही माहीत नाही," ताई म्हणाली. "लहानपणापासून अशीच आहे."

तीन ते सहा. थांबायचं, गार होऊ द्यायचं, विचारायचं. ताई यादीतले आलेले नंबर पेन्सिलीने खोडत होती. पाचनंतर डिस्कने खरखर सुरू केली आणि मग एकदम शंभर-शंभर द्यायला लागली, मग बंद. सहाला पाच कमी असताना ताईने मोजलं. सहाशे एकेचाळीस आल्या होत्या. चौदाशे बहात्तर राहिल्या.

भोकं पाडणारा उठला, गोळे कानाला लावले. आमच्याकडे बघून काढले. "झालं?"

"नाही," मी म्हणाले.

मग गोळे लावून त्याने पहिल्या डिस्कवर टोक ठेवलं. चौथी त्याने शेवटी घेतली.

तो आवाज चालू असतानाच मी नोटिशीचं उत्तर लिहिलं. कारण दाखवा म्हणाले होते म्हणून चौदाशे बहात्तर नंबरांची यादी जोडली. खाली लिहिलं की यांच्यापैकी कोणी आपला जुना स्कॅन मागायला आलं तर स्कॅन सापडत नाही असं सांगू नये. आम्ही तो नेला नाही, असं सांगावं. ताईने वाचून बघितलं आणि म्हणाली, "'आम्ही' काय म्हणून? त्यांची नावं घाल."

मी तिघांची नावं घातली. मग चौथं माझं.